उतरवून घ्यायला कोण उभं राहणार?

आमच्या धंद्यात माल पोहोचला की मागे दोनच गोष्टी उरतात, बर्फाचं पाणी आणि किस्से. पाणी पुसायला फडकं आहे. किस्से मात्र कोपऱ्यात साचत जातात आणि कोणी चहाला बोलावलं की बाहेर येतात. माझा नवरा तर पाहुण्यांना आधीच बजावून ठेवतो, "हिला ऑफिसचं काही विचारू नका, भाजी थंड होईल!" तुम्ही विचारलंत. आता भोगा!

मी गोंदियात गोपालसेठच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बुकिंगला बसते. ऑफिस म्हणजे एक खोली, एक फोन, एक कूलर आणि थर्मोकोलच्या पेट्यांचा डोंगर. सिमेंट, लोखंड, तांदूळ हे सगळे पाठवतात. आमच्याकडे येतो तो नाजूक माल. लस, मासे, पिल्लं, मशरूम, आईस्क्रीम. कोणी उन्हाला भितो, कोणी थंडीला. कोणता माल कशानं जाईल, बर्फाच्या पेटीतून बसनं, पिकअपनं, की रेल्वेच्या पार्सलनं, हे मी ठरवते. वर्षानुवर्षं मीच ठरवत आले आणि छान ठरवत आले. उगाच लाजायचं कशाला?

मग सेठनं थंडी गाडी घेतली. पांढरीशुभ्र, मागे बंद पेटी, आत फ्रीजसारखं मशीन, दाराला प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. पूजा झाली, नारळ फुटला आणि त्या दिवसापासून सेठला जगातली प्रत्येक वस्तू त्या गाडीत घालावीशी वाटू लागली!

"वंदना, अब सोचने का काम खतम. जो आएगा, गाडीत टाकायचं."

मी म्हटलं, "सेठ, मालावरून गाडी ठरते. गाडीवरून माल नाही ठरत."

सेठची मुलगी गुड्डी तेव्हा समोरच्या स्टुलावर पेरू खात बसली होती. कॉलेज सुटलं की ती घरी जायच्या आधी माझ्याकडे यायची. ती खुदकन हसली आणि सेठ चिडला. म्हणाला, "ठीक है. तूच ठरव. पण ज्या दिवशी तुझ्या निवडीनं माल बिघडला, त्या दिवसापासून ही खुर्ची माझी. तू बाजूला बसून पावत्या, बिल्ट्या फाडायच्या!"

मी म्हटलं, मंजूर. गुड्डी साक्षीदार.

०

खुर्चीवर पहिलं संकट आलं ते कोंबडीच्या पिल्लांचं. केशोरीच्या एका गिऱ्हाइकानं एक दिवसाची पिल्लं मागवली होती. ऐन थंडी. सकाळी तोंडातून वाफ निघत होती. मी बाजारात गेले तेवढ्यात सेठनं पिल्लांची खोकी नव्या गाडीत चढवायला लावली.

आमचा ड्रायव्हर देवाजी. आमगावकडचा माणूस, मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. मी परत आले तर तो दारात हात पसरून उभा.

"सेठ, पिल्लं होत जी, कुल्फी नोहे!"

"अरे, मशीन बंद ठेव ना!"

"मशीन बंद केलं त हवा कोठून येईन? पिल्लं सास घेतेत ना!"

सेठ माझ्याकडे वळला. "आता तू सांग. किससे भेजें?"

मी पिल्लं साध्या जीपनं पाठवली. खोक्यांना भोकं, खाली धानाचा कोंडा, खिडक्यांना गोणपाट, आणि पिल्लं पुढच्या सीटमागे, इंजिनाच्या उबेत. केशोरीहून फोन आला की सगळी टणाटण उड्या मारत आहेत. देवाजी परतला तो मात्र नाराज होता. मी विचारलं, "काय झालं?"

"काय होईन? वाटभर च्यूं च्यूं करत होते. मी एक शिवी देल्ली त सबन चूप झाले. मंग मलेच करमे ना!"

०

आता माझी खरी सवय सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गिऱ्हाईक आलं की मी दोन प्रश्न विचारते. पहिला, माल कशाला घाबरतो? दुसरा, उतरवून घ्यायला कोण उभं राहणार?

लोकांना वाटतं, माल रस्त्यात खराब होतो. साफ खोटं! रस्त्यात देवाजी असतो. माल खराब होतो तो पोहोचल्यावर, दारात. "ठेवा तिथं, येतो मी," असं म्हणून माणूस जेवायला बसतो आणि पेटी उन्हात. म्हणून मला नाव लागतं. अमुक माणूस, अमुक दारात उभा राहील. नाव नाही तर माल नाही! सेठ याला माझं वेड म्हणतो. गुड्डी तर माझी नक्कल करायची. चष्मा नाकावर घसरवून, "उतरवून घ्यायला कोण उभं राहणार?"

०

एकदा आमगावच्या एक आजी आल्या. डबा घेऊन. लेक पुण्याला नोकरीला, त्याला पुरणपोळ्या पाठवायच्या.

मी पहिला प्रश्न विचारला. आजी म्हणाल्या, "गरमागरम पोचल्या पायजे. थंडी पोळी थो खात नाही."

मी समजावलं. आजी, गोंदिया कुठं, पुणे कुठं! बर्फात नेता येईल, गरम कशी नेऊ? आजी हटेनात. मागून देवाजी बोलला, "आजी, गरमच खाऊ घालाची असन त पोळी कायले पाठवता? पोरालेच बोलवा ना!"

आजींनी डबा उचलला, तिथंच बाकावर बसून लेकाला फोन लावला आणि ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात त्याला झापलं. लेक त्याच आठवड्यात आला. स्टेशनवरून घरी जाताना ऑफिसात डोकावला आणि म्हणाला, "मीच तो माल."

त्या खेपेची बिल्टी फाडली नाही. पण निवड म्हणाल तर अव्वल!

०

आता सेठचा एक. नाहीतर म्हणाल, ही फक्त स्वतःचंच कौतुक सांगते.

नवतपा सुरू होता. आमच्याकडे मे महिन्यातले ते दिवस असे असतात की कावळासुद्धा सावली सोडत नाही. मी चुलत बहिणीच्या लग्नाला गेले होते. तेव्हा लाखेच्या दाण्यांची पोती पाठवायची ऑर्डर आली. झाडावरची लाख, धुऊन दाणे केलेली. सेठनं एकट्यानं निर्णय घेतला, "लाख आहे, बर्फ थोडीच आहे!" आणि साध्या ट्रकमध्ये पोत्यांवर पोती रचून, वरून काळी ताडपत्री घट्ट आवळून ट्रक रवाना केला.

मी परत आले त्या दिवशी तिकडच्या व्यापाऱ्याचा फोन. "मॅडम, पोती कुठं संपतात आणि लाख कुठं सुरू होते, तेच कळत नाही! सगळं मिळून एक झालंय. ट्रकच्या आकाराचं!"

मी फोन सेठच्या हातात दिला. सेठनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भैया, अच्छा है ना. एकच नग आहे. मोजायला सोपं!"

त्यानंतर काही दिवस सेठ खुर्चीबद्दल बोलला नाही.

०

पण खुर्ची जवळजवळ गेली होती, तेही सांगते.

गुरांच्या लसीची पेटी कोहमाऱ्याला द्यायची होती. ही लस उन्हात मरते, पण गोठली तरी मरते. गार हवी, बर्फ नको. मी बर्फाच्या पाकिटांमध्ये पुठ्ठा घालून पेटी भरली आणि बसनं पाठवली. उतरवून घ्यायला जनावरांचे डॉक्टर स्वतः उभे राहणार होते. पण त्यांना ऐन वेळी एका गावात अडलेली म्हैस बघायला जावं लागलं. जाताना ते चौकातल्या दुकानदाराला सांगून गेले, "पेटी घेऊन ठेवा."

दुकानदार भला माणूस. त्यानं पेटीवर ‘थंड ठेवा’ वाचलं आणि काळजीपोटी पेटी उचलून थेट आईस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली! वर मला फोन करून सांगितलं, "फिकर नोका करू मॅडम, एकदम फ्रीजरमंदी ठेवली!"

माझ्या हातातून पेन पडलं. सेठ बाजूलाच होता. त्यानं सगळं ऐकलं, उठला, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चलो वंदना. उठा आता."

मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. ती खुर्ची म्हणजे माझं सगळं होतं. पण तिथं रडले नाही. म्हटलं, आधी माल बघू. थंडी गाडी काढली, देवाजी, सेठ आणि मी, तिघं कोहमाऱ्याला. वाटभर सेठ शीळ घालत होता.

दुकानात गेलो. फ्रीजरचं झाकण उघडलं. आत लसीची पेटी होती आणि तिच्या चारी बाजूंनी गळ्यापर्यंत मुरमुरे! फ्रीजर केव्हाचा बंद पडलेला. दुकानदारानं त्यात मुरमुऱ्यांची पोती ठेवली होती, कारण उंदीर लागत नाही. लस आत मस्त होती. बर्फाची पाकिटंसुद्धा त्यानं जशीच्या तशी सोबत ठेवली होती आणि मुरमुऱ्यांनी गारवा धरून ठेवला होता.

"अवो, फ्रीजर म्हणजे पेटीच होय आमची," दुकानदार म्हणाला. "बिजली कोन जारते?"

देवाजी हसून हसून जमिनीवर बसला. सेठची शीळ थांबली. मी लस तपासली, तापमान बघितलं, चष्मा वर सरकवला आणि म्हटलं, "सेठ, मुरमुरे घेऊया का थोडे? वाटेत खायला."

०

आता शेवटचा. हा मी फक्त आपल्या माणसांना सांगते.

गुड्डीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा. मुहूर्त ऐन नवतप्यातला, कारण पंडितजींना गोंदियाचं ऊन माहीत नसावं. सेठची एकुलती एक लेक. सेठनं सगळं सोडून आईस्क्रीमचा ध्यास घेतला. नागपूरहून खास आईस्क्रीम येणार, आपल्या थंड्या गाडीतून येणार आणि वरपक्षानं बोटं चाटायची! मला बजावून सांगितलं, "वंदना, गाडी आईस्क्रीमसाठी. ही माझ्या घराची इज्जत आहे. हे वितळलं, तर खुर्ची विसर."

वरपक्षाकडे एक फूफाजी होते, नवरदेवाच्या आत्याचे यजमान. ज्यांच्या घरी असं लग्न झालंय त्यांना जास्त सांगायला नको. साखरपुड्याला त्यांना पाण्याचा ग्लास दुसऱ्या नंबरवर मिळाला, म्हणून ते जेवण होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले होते. गुड्डी तेव्हापासून धास्तावली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीचे हात वर धरून मला म्हणाली, "दीदी, आईस्क्रीमचं पप्पा बघतील. तुम्ही फक्त फूफाजींना सांभाळा. ते रुसले तर मला तिकडं आयुष्यभर ऐकावं लागेल."

लग्नाच्या दिवशी भर दुपारी मी मांडवात फुलांच्या पेट्या उतरवून घेत होते. देवाजीचा फोन आला.

"बाई, कोहमाऱ्यावरून बोलून राहिलो. आईसक्रीम ठीक आहे. पन वरात ठीक नाही!"

झालं असं होतं की वरातीच्या बसचा एसी वाटेत कोहमाऱ्याला बंद पडला. त्या बसच्या खिडक्या उघडतच नाहीत. सगळे उतरून ढाब्यावर बसले होते. तरण्यांनी काळी-पिवळी जीपा ठरवल्या, नवरदेवाची कार पुढं निघाली. पण फूफाजी डोक्यावर ओला टॉवेल ठेवून खाटेवर आडवे झाले होते आणि शेजारी दोन म्हाताऱ्या आत्या पदरानं वारा घेत होत्या. "थे म्हनतेत, मी वापस जातो. जीपीत बसत नाही म्हनतेत. चेहरा लाल टमाटर झाला आहे, बाई. मले डर वाटून राहिला."

थंडी गाडी एक. आत आईस्क्रीम. बाहेर फूफाजी.

मी चष्मा काढून पुसला. दोघांतलं जास्त नाजूक काय? आईस्क्रीम वितळलं तर खुर्ची जाईल. फूफाजी परत गेले तर गुड्डीचं काय? आणि त्या उन्हात म्हाताऱ्या माणसांचं खरंच काही बरंवाईट झालं तर? मला ठरवायला वेळ लागला नाही.

"देवाजी, आईस्क्रीम उतरवा."

"हो?"

"पिकअप ठरवा. ढाब्यावरचा सगळा बर्फ घ्या, त्यात जाडं मीठ टाका. शेजारच्या राईस मिलमधून धानाचा कोंडा आणा, पोतीच्या पोती. खाली कोंडा, मग बर्फ, मग डबे, मग परत बर्फ आणि वरून कोंडा. वर ओलं गोणपाट. गाडी कुठं थांबवू नका म्हणावं. आणि थंड्या गाडीत ढाब्यावरच्या गाद्या टाका, लोड टाका. मशीनवर बावीस ठेवा. दार बांधून अर्धं उघडं ठेवा, पट्ट्यांचा पडदा आहेच. पिल्लं सास घेतात, लक्षात आहे ना?"

"आहे, बाई. पन या पिल्लाले शिवी नाही देता येत!"

मग मी सेठला शोधलं. तो पुढच्या मोठ्या दारात फेटा बांधून, हार घेऊन वरातीची वाट बघत होता. मी म्हटलं, "सेठ, थंडी गाडी येतेय. मागच्या दाराला. उतरवून घ्यायला कोण उभं राहणार?"

"हलवायाची माणसं आहेत ना तिथं!"

"नाही चालणार. तुम्ही उभे राहा."

"पागल हो गई? लेकीच्या लग्नात मी आईस्क्रीम उतरवू?"

"सेठ, गाडीत आईस्क्रीम नाही. फूफाजी आहेत."

सेठचा हार हातातच राहिला. तो एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा आकाशाकडे. शेवटी एवढंच म्हणाला, "आणि आईस्क्रीम?"

"कोंड्यात."

"कोंड्यात!" सेठ म्हणाला, आणि मागच्या दाराकडे पळाला. त्याला पळताना बघून बँडवाले पळाले. बँडवाल्यांना बघून आरतीचं ताट घेऊन सेठाणी पळाली.

गाडी नेहमीसारखी उलटी आली. देवाजी उतरला, त्यानं दार पूर्ण उघडलं, पट्ट्यांचा पडदा बाजूला केला. आतल्या गार हवेचा झोत बाहेर आला आणि झोतामागून फूफाजी! लोडाला टेकलेले, टवटवीत, हातात काकडी. समोर फेटा बांधलेला मुलीचा बाप हार घेऊन उभा, आरती पेटलेली, बँड वाजतोय. पुढच्या दारातून येणाऱ्या नवरदेवाकडे त्या घटकेला कोणाचंही लक्ष नव्हतं!

फूफाजींनी हार घालून घेतला, ओवाळून घेतलं. गाडीतून उतरायला मात्र तयार होईनात. म्हणाले, "सेठजी, सात घरों में शादी देखी, ऐसी अगवानी कहीं नहीं हुई। पाँच मिनट और बैठते हैं।"

सेठ वाकून त्यांच्या शेजारी गादीवर बसला. दोघांनी मिळून काकडी संपवली.

आईस्क्रीम मागोमाग आलं. डबे दगडासारखे घट्ट. झाकणांवर थोडा कोंडा होता, तो मी पदरानं पुसला. सेठ पंगतीतून फिरत सगळ्यांना आग्रह करत होता, पण मधूनमधून माझ्याकडे बघत होता. खुर्चीबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विदाई. फुलांनी सजवलेली कार दारात उभी. ऊन आत्ताच चटके देत होतं. फूफाजी कारजवळ नव्हते. ते आपली पिशवी घेऊन थंड्या गाडीजवळ उभे होते आणि देवाजीला मशीन चालू करायला सांगत होते.

गुड्डी आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या गळ्यात पडून रडली. सेठ मात्र तिचा हात धरून नुसताच उभा राहिला. कारचं दार उघडलेलं, सगळे थांबलेले, पण त्याला तिला पुढं पाठवता येईना. तिच्या सासऱ्यांनी हळूच घड्याळ बघितलं. मग सेठनं मान वळवली. एवढ्या पाहुण्यांमधून त्यानं मला शोधलं. डोळे भरलेले होते.

"वंदना," तो म्हणाला, "तूच सांग. इसको किससे भेजूँ?"

मला नेहमीचंच सुचलं.

"सेठ, तिकडं उतरवून घ्यायला कोण उभं राहणार?"

थंड्या गाडीजवळून पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मैं खड़ा रहूँगा," फूफाजी म्हणाले.